नवरीची बाजू

घासू नको माय, सुमैय्या. टिप.
डाग दारातल्या पाहुण्यासारखा असतो,
ढकलायला गेलं की आणखी आत शिरतो.
कोरडं फडकं ठेव, वरून तळहात दाब,
उचल, घडी बदल, पुन्हा ठेव.
घाई कऱ्हाळे शेठला आहे,
सोफ्याला नाही.

काल हा हट्ट्याच्या लग्नात होता,
आज रात्री कुरुंद्याला स्टेजवर चढायचाय.
मोतिया मखमल, अन् तिच्यावर कुणीतरी
मठ्ठ्याचा अख्खा ग्लास.
गरम पाणी नको. ताक गरम पाण्यानं कापडात घर करतं,
मग तीन दिवसांनी नवरदेवाच्या अत्तरातून
आंबूस वास यायला लागतो.
गार पाणी घे, तेही मोजून.
नळ आठव्या दिवशी येतो, आज सहावा आहे.

हा वांग्याच्या भाजीचा तेलकट गोल.
याच्यावर ज्वारीचं पीठ पसर, चांगलं जाड,
भाकरी थापायला बसल्यासारखं.
अर्धा तास तिकडं बघूच नको.
पीठ गुमान तेल पितं.
मग ब्रशनं झाड, लव जिकडं झोपलीय तिकडंच.

आणि हे लाल काय गं?
गंगाधरनं साबण लावला असेल, दुसरं काय.
हळदीला साबण लागला की ती कुंकवागत होते.
पोरगं भ्यालं, शेठला म्हणालं, रक्त आहे.
शेठ माझ्याकडं बघायलेत.
मी हसले.
तीस वर्षं वसमतच्या मोंढ्यात
हळदीची पोती वाहिलेल्या माणसाची बायको मी.
सकाळी बादलीत लाल सदरे,
दुपारी दोरीवर तेच पांढरे.
हळद पाण्याला भीत नाही, साबणाला भीत नाही,
उन्हाला भिते.
अन् ऊन आपल्याकडं
कुणाच्या बापाला उसनं मागावं लागत नाही.
आता नागोरावांची कंबर गेली,
सदरे घडी मोडल्यावरही स्वच्छच राहतात.
धुते मी,
पण धुतल्यासारखं वाटत नाही.

गच्चीवर नेऊ. चौघं धरा.
थांब, आधी सांदीत हात घाल.
नवरदेवाच्या बाजूला
सुपारी, कुणाचं तरी कार्ड,
अक्षता चिकटलेली दहाची नोट.
नोट तुला.
नवरीच्या बाजूला
कागदी रुमालात गुंडाळलेली अर्धी पुरी,
एकच घास खाल्लेला,
कडेला लिपस्टिक.

दर दोन लग्नांआड काहीतरी निघतंच.
केळ्याचा तुकडा. बुंदीचा मुटका, मुठीचे ठसे असलेला.
सकाळपासून तिला कुणी खाऊ देत नाही.
मेकअप बिघडेल. फोटो राहिलेत.
नांदेडच्या आत्या यायच्यात अजून.
मग एखादी करवली ओढणीखालून आणून देते,
ती पहिला घास घेते न घेते
तोच फोटोवाला ओरडतो, वहिनी, इकडं बघा, हसा.
पुरी सांदीत जाते.
ती हसते.
मागं एवढासा डाग उरतो, आठ आण्याएवढा.
तो मी शेठला कधी दाखवला नाही.
चिमूटभर पीठ लागतं त्याला.

चार वाजले. लाल गेलं, त्याच्याखालचं पिवळंही गेलं.
मी हात उलटा करून लावून बघितला,
पोराचा ताप उतरला का बघतात तसा.
किंचित ओल आहे. बसणाऱ्याला कळायची नाही,
इतक्या जरीतून कुणाला काय कळतंय.
खाली टेम्पोवाला हॉर्न मारायलाय.

सुमैय्या, तेवढा बिस्किटाचा पुडा दे गं, पाचचा.
इकडं नाही, डावीकडं घाल, सांदीत,
नवरीच्या बाजूला.
बिस्किटाचा डाग पडत नाही.
चुरा पडतो, झटकला की झालं.
तिचा हात खाली गेला तर सापडेल.
नाही गेला
तर उद्या आपण दोघी चहात बुडवून खाऊ.