अर्धी मात्रा

एप्रिलचा पहिला शनिवार. विनिपेगमधल्या शाळेचं जिम.
बास्केटबॉलच्या रेघांवर आम्ही ताडपत्री अंथरली,
तिच्यावर जाजम, जाजमावर पांढरी चादर,
तरी एका वर्तुळाची लाल कड उरलीच बाहेर.
पार्किंगच्या कोपऱ्यात पाच महिन्यांचा बर्फ
काळवंडून बसलेला,
जेवण झालं तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.

उत्सवाचं हे एकविसावं वर्ष.
माझ्याकडे खुर्च्या, माईक आणि विमानतळाची व्हॅन.
गाण्यातलं मला कळतं ते एवढंच:
कुठल्या वायरीतून घरघर येते.

सुंदरेशन सरांना मीच आणलं.
कोटात कोट, त्यात स्वेटर, त्यात कुठेतरी ते.
तारिणी दारात उभी. चौदा वर्षांची.
सात वर्षं त्यांच्यापुढे बसलेली,
पण त्यांचे पाय तिने कधी पाहिलेच नव्हते.
वाकली आणि थबकली:
केवढीशी पावलं, डाव्या अंगठ्याला पट्टी.
"उंच झालीस की," ते म्हणाले.
चौकटीत उंची कळत नाही.

सात वर्षं
त्यांच्याकडे पहाट, कावळे, दूधवाल्याची सायकल;
हिच्याकडे संध्याकाळ, बर्फ ओढणारं यंत्र.
ते मांडीवर ताल धरायचे,
हिचा स्वर समुद्राखालून जायचा
आणि उशिरा पोचायचा, ओल्या अंगाने.
"मागे पडतेयस, कण्णा. पुन्हा."
पुन्हा.
मग तिनेच काढली तोड:
टाळीच्या जरा आधी निघायचं,
म्हणजे टाळीला पोचता येतं.
कुणी शिकवलं नाही. मुरत गेलं.

जिममागच्या चेंडूंच्या खोलीत, तालमीला,
दोघं पहिल्यांदा एका हवेत बसली.
बिलहरीतलं वर्णम.
सरांचा हात मांडीवर पडायच्या आत
हिचा स्वर तिथे हजर.
"पळतेयस."
पुन्हा.
"पळतेयस गं, कुणी मागे लागलंय का?"
तारिणी रडली नाही.
नखाजवळची कातडी कुरतडत म्हणाली,
"सर, मी तुमच्यापर्यंत यायला निघते."

सर गप्प. हीटर खडखडला.
मी वायर गुंडाळायची सोडून उभा.
मग त्यांनी हातमोजे काढले, एकावर एक चढवलेले दोन जोड,
तिचा तळवा तिच्याच गुडघ्यावर ठेवला
आणि वर आपला.
टाळी. करंगळी. अनामिका. मध्यमा.
टाळी, उलट. टाळी, उलट.
गाणं नाही. नुसतं एवढंच, वीसेक मिनिटं.
"पोचलीयस तू," ते म्हणाले,
"आता निघू नकोस."

संध्याकाळी दिओस्दादो, शाळेचा राखणदार,
दाराशी मॉपला टेकून उभा;
त्याला नऊला कुलूप लावायचं होतं.
पहिल्या रांगेत, एका रिकाम्या खुर्चीवर,
पाण्याच्या बाटलीला टेकवलेला सरांचा फोन.
त्यात त्यांची बायको, कुंभकोणमला,
उजाडतंय, केस ओले, हातात कॉफीचा टंबलर.

मध्येच एका जागी सरांनी आवाज मिसळला.
फोनवर हे कधी जमलंच नव्हतं,
एकाने गायलं की दुसऱ्याने थांबायचं.
कोणता कोणाचा, मला कळेना.
वायर मात्र एकही घरघरली नाही.

टाळ्या. दिओस्दादोने किल्ल्या खिशातच वाजवल्या.
मी माईक उचलायला गेलो,
जाता जाता फोनपाशी वाकलो,
तर तिकडे टाळ्या अजून पोचल्याच नव्हत्या.
तिकडे दोघं अजून गात होती,
आणि बाई डोळे मिटून, टंबलर बाजूला ठेवून,
मांडीवर ताल धरत होत्या,
आमच्या मागे,
अगदी वेळेवर.