गळती : नगण्य

इंडिकेखाली शहाबादी फरशीवर
रोज सकाळी एक लाल ठिपका.
पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी पान खाऊन गेलं.
मग बोट लावलं, वास घेतला,
आणि इन्व्हर्टरच्या खोक्याचा पुठ्ठा खाली सरकवला.
ठिपका पुठ्ठ्यावर. विषय संपला.

स्टेअरिंग मात्र जड होत गेलं.
पाथरीच्या बाजारात वळण घेताना
चाक कण्हायचं,
आणि भाजीवाल्या बाया मान वर करून बघायच्या,
गाडीकडे नाही, माझ्याकडे.

खुर्शीद मिस्त्री, मानवत रोडचा.
उताणा आत शिरला, पाय तेवढे बाहेर,
एकाच पायात चप्पल.
आतूनच बोलला,
"रॅकचं सील वाळलं, साहेब. उघडावं लागतंय.
सहा हजार. दोन दिवस."
मी गप्प.
तो बाहेर आला, चिंधीला हात पुसले,
माझ्या तोंडाकडे बघितलं :
"विकायची हाय का?"

फळीवरून त्यानं बाटली काढली,
खोकल्याच्या औषधाएवढी.
"ह्यानं वाळलेलं रबर फुगतंय, मऊ पडतंय.
सहा महिने टिकंल, न्हाईतर सहा दिवस.
ज्याची गाडी, त्याचं नशीब."
तीनशे ऐंशी रुपये.
ओतून झाल्यावर मला आत बसवलं,
इंजिन चालू, चाक डावीकडं, चाक उजवीकडं,
वीसदा.
मी जागच्या जागी वीस वळणं घेतली.

तिसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा.
आठव्याही.
गाडी एका बोटानं वळायला लागली.
बायको म्हणाली, मग आता विकता कशाला?

मी बत्तीस वर्षं डाव्या कालव्यावर होतो,
पाटबंधाऱ्याच्या उपविभागात.
अस्तराला तडे, पलीकडच्या रानात बारमाही लव्हाळा,
भर मे महिन्यात बेडूक ओरडायचे तिथं.
तक्त्यात रकाना असायचा : गळती.
मी लिहायचो : नगण्य.
साहेब बदलले, पेनं बदलली,
माझं अक्षर सगळ्यांना आवडायचं.

सोनपेठहून वैजनाथ घाटूळ आला,
लग्नाचे फोटो काढणारा पोरगा.
दारं उघडली, लावली. डिकीत लाईटचे स्टँड मावतात का ते बघितलं.
पुठ्ठा मी आदल्या रात्रीच माळ्यावर टाकलेला.
एकदा तो खाली वाकला, बुटाची नाडी बांधल्यासारखा.
"एक लाख एक देतो, काका."
"एक लाख पाच ठरले होते. चार कशाचे कमी?"
"असंच."
आणि मी हो म्हणालो.
इतक्या लवकर हो म्हणणारा माणूस
मी कधीच नव्हतो.

पायात त्याच्या चप्पल होती,
हे मला रात्री आठवलं.

अकराव्या दिवशी फोन लावला.
मागं बँजो वाजत होता, कुठल्यातरी हळदीत.
"वैजनाथ, एक सांगायचं राहिलं."
"थेंबाचं ना?" तो ओरडून बोलत होता.
"फरशीवर डाग होता की, काका. त्याचेच तर चार धरले!"
"मग बोलला का नाहीस?"
बँजो थोडा लांब गेला.
"तुम्ही बोलता का, बघत होतो."
मग कुणीतरी त्याला हाक मारली,
नवरीच्या मामाचा फोटो राहिला होता.

गळते का अजून, हे विचारायचं राहूनच गेलं.

ओसरीपुढं आता मोकळी जागा आहे.
रॉकेल झालं, सोडा झाला, विटकरीनं घासून झालं.
शहाबादी तेल पिते, पिलं की देत नाही.
संध्याकाळी बल्ब लावून बसलो होतो,
उठलो, त्या डागावर पाय ठेवून बघितला
झाकतो का.

जरा मोठाच आहे.