जाड्या

जेड म्हणतात त्याला नर्सरीत.
निमकर वहिनी म्हणायच्या, जाड्या.
"जाड्याला पाणी कमी घाल गं,
तो आधीच पिऊन बसलेला असतो."

नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावरून
एक बोटभर फांदी त्यांनी खाली सोडली होती,
टोपलीला दोरी बांधून, कढीपत्त्यासोबत.
मी ती खोचली शेंगदाणा तेलाच्या डब्यात.
सतरा वर्षं.
डब्यावरची शेंग पुसट होत होत
नुसतं टरफल उरलं.

आज वर्तमानपत्र पसरलं
कासारवडवलीच्या या नवव्या मजल्यावर.
डबा आडवा केला, थापट्या मारल्या.
येईना.
बुडाशी धरून हलवलं, कडेनं सुरी फिरवली,
इडली सोडवतात तशी.
येईना.
शेवटी पत्राच कापला.

आत माती नव्हतीच जवळजवळ.
मुळं, मुळांवर मुळं,
चार कोपरे धरून बसलेली.
डबा काढून घेतला तरी
डबा तिथेच होता.

मीसुद्धा, चौथं वर्ष लागलं तरी,
रात्री उठले की डावीकडे वळते.
नौपाड्यात तिथे मोरी होती.
इथे कपाट आहे.
कपाळाला टेंगूळ आलं त्या दिवशी
हे म्हणाले, "कपाटाला विचार, लागलं का?"

बोटांनी मुळं मोकळी केली.
काही तुटली. तुटू दिली.
काळी पडलेली, ती कात्रीनं.
तीन पानं गळली, टप टप,
जड, पाण्यानं भरलेली.

कुंडीच्या भोकावर ठेवायला खापर हवं.
हल्ली मातीचं काही फुटतच नाही घरात.
मग ते आठवलं.
'श्रमसाफल्य' पाडली त्या दिवशी
पत्र्याच्या कुंपणाशी वाकून
उचललेला विटेचा तुकडा.
सगळ्यांनीच उचलला होता एकेक, लाजत लाजत,
हॉटेलातली बडीशेप पुडीत बांधावी तसा.
ओट्याखाली पिशवीत अजून होता.
एका बाजूला रंग. निळा.

आमचं स्वयंपाकघर पिवळं होतं.
कर्णिकांचं पांढरं, ऑइलपेंट.
निळं फक्त

बत्ता हातात घेऊन
मी थोडा वेळ नुसतीच बसले.

वहिनी कळव्याला गेल्या होत्या, मुलाजवळ.
फोनवर म्हणायच्या, ताबा मिळाला की
जाड्याला घेऊन ये माझ्याकडे,
ओळखतो का बघू.
ताबा छत्तीस महिन्यांनी होता.
मग बेचाळीस.
गेल्या आषाढात
सह्यांच्या यादीत त्यांच्या नावापुढचा रकाना
मुलानं भरला.

फोडला तुकडा. चार घाव.
निळ्या बाजू वर करून मांडल्या भोकाभोवती,
उगाचच. कोण बघणार आहे.
वर जाड रेती, थोडं कोकोपीट, मूठभर शेणखत,
आणि जाड्या, जरासा कलता.
सरळ करून बघितला दोनदा.
त्याला तसंच हवं होतं.

आता आठ दिवस पाणी नाही.
तुटलेली मुळं आधी सुकू द्यायची,
ओल्या जखमेवर पाणी पडलं तर कुजतात.
हे मला कळतं. हाताला कळत नाही.
चहाचा कप विसळला
की तो आपला कुंडीकडे निघतो.

बिल्डरच्या माहितीपत्रकात
प्रत्येक बाल्कनीत एक झाड काढलंय,
सगळीकडे तेच, तेवढ्याच उंचीचं.

आमच्या, म्हणजे घरमालकाच्या, बाल्कनीत
डबा होता तिथे पांढऱ्या लादीवर
गंजाचा चौकोन उमटलाय.
लिंबू चोळलं, सोडा चोळला.
फिका झाला, गेला नाही.
हे म्हणतात, डिपॉझिटमधून कापतील.
कापू देत.

गळलेली तीन पानं
मी त्या चौकोनातच ठेवलीत, उताणी,
मातीबितीशिवाय.
वहिनी म्हणायच्या, त्यांना तेवढंही पुरतं.