दाणोलीपुढचे तीन सेकंद

चिपला एक खिडकी असते,
नखाएवढी, काचेची.
तिच्यातून जांभळा उजेड वीस मिनिटं आत सोडला
की आतले सगळे आकडे पुसले जातात.
म्हणून मी तिच्यावर चिकटपट्टी लावते
आणि वर पेनाने तारीख घालते.
ही सातवी.

बस्त्याव रॉड्रिग्जची होंडा ब्याण्णवची,
बहरीनहून बोटीने आलेली,
स्टिअरिंग अजून तिकडच्याच बाजूला.
वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्याने पिना कळकलेल्या.
सकाळी धापा टाकते, चढावर खोकते,
मागे सोडते कच्च्या पेट्रोलचा वास.
"तीन मेस्त्री झाले," तो म्हणाला,
"सगळ्यांनी कान लावन आयकल्यानी.
तू काय लावतलंस, बाय?"
मी लॅपटॉप लावला.

सोळा आडवे, सोळा उभे:
दोनशे छप्पन्न खण, प्रत्येकात एक आकडा.
इतके फेरे, इतकी हवा, तर इतकं पेट्रोल.
कुणीतरी थंड देशात बसून भरलेले.
त्याला तुळसचा रस्ता ठाऊक नव्हता,
की मार्चच्या दुपारी बॉनेटखाली
हवा कशी पेजेसारखी पातळ होते.

निघालो. तुळस, सावंतवाडी, आंबोली, परत.
तिसऱ्यातच धरा, मी सांगत होते,
अर्धा पाय, जरा कमी, तेवढाच ठेवा.
सेकंदाला दहा ओळी पडत राहिल्या.
एक्झॉस्टमधला सेन्सर मात्र उशिरा बोलतो,
त्याची बातमी अर्ध्या सेकंदापूर्वीच्या जाळाची.
तेवढं मागे सरकवून वाचावं लागतं,
नाहीतर एकाचा दोष
आपण दुसऱ्याच्याच खणात लिहितो.

रात्री पंख्याखाली बसते.
तेरा हवेत तिथे अकरा पूर्णांक सहा: अकरा टक्के काढ.
चढावर साडेचौदा: उपाशी आहे, घाल.
शेजारच्या खणांवरून हात फिरवून बघते,
मध्येच उंचवटा नको.
काही खणांत आम्ही गेलोच नाही.
साडेसहा हजार फेरे, पूर्ण भार:
तिथे जायचं वय बस्त्यावचं नाही, गाडीचंही.
तिथले आकडे तसेच ठेवले,
त्या थंड देशातल्या माणसाचे.

मग हे दिसलं.
तिन्ही फेऱ्यांत, दाणोली सोडल्यावर, ऐन चढात
थ्रॉटल शून्य.
तीन सेकंद. इंजेक्टर बंद. सेन्सर म्हणतो, नुसती हवा.
मग पुन्हा पाय, जणू काही झालंच नाही.
मी वायर तपासली. सेन्सर बदलला.
चौथ्या फेरीला स्क्रीनवरून डोळे काढून बाहेर पाहिलं:
वळण. चहाची बंद टपरी. रस्ता मोकळा.
त्याचा पाय उचललेला.

"पाय का काढलात?"
"खंय?"
मी आलेख दाखवला. चार फेऱ्या, चार खड्डे, एकाच जागी.
एक्स-रे बघावा तसा तो बघत राहिला.
"थंय टिप्यो निजायचो. टपरीवाल्याचो कुत्रो.
रस्त्याच्या मदोमद. हॉर्नाक उठायचो नाय."
"आता?"
"मेलो मागच्या शिमग्याक."
आणि गिअर टाकता टाकता:
"पायाक कोणी सांगूक नाय."

सॉफ्टवेअरमध्ये एक गाळणी असते:
थ्रॉटल शून्य असेल ती ओळ वगळा.
ती लावावीच लागते. नाहीतर बंद इंजेक्टरची हवा
सरासरीत शिरते, आणि भलतेच खण पेट्रोल मागतात.
लावली. एकशे सव्वीस ओळी गेल्या.
मूळ फाईल मी पुसली नाही.
का, ते मला नीट सांगता येणार नाही.

सातवी चिप बसवली.
चावी फिरवताच गाडी लागली, धाप न टाकता.
बस्त्यावने मागे जाऊन वास घेतला,
पैसे मोजले, वर पिशवीभर तिसऱ्या दिल्या.
रात्री आंबोलीहून फोन:
"चढता बरी. खोकूक नाय."
"बरं."
"आणि त्या दाणोलीक..."
मी थांबले. पलीकडे कुणीतरी ट्रक मागे घेत होतं.
"तिसऱ्यो आजच खा," तो म्हणाला,
"उद्यापर्यंत नाय रवाच्यो."