गुलाबी फुली

मरी गाव मागे पडलं आणि डांबर संपलं.
पुढचा रस्ता म्हणजे पन्हाळी पत्रा,
त्यावरून आमची जुनी गाडी दात वाजवत चाललेली,
मागे पाण्याचे दोन कॅन, चार वळकट्या,
आणि लॅकीचा पाय माझ्या हद्दीत.

"अजून किती?" असं विचारायचं नाही, ठरलं होतं.
म्हणून मी विचारलं, "आत्तापर्यंत किती?"
बाबा म्हणाला, "बरंच."
आई खिडकीबाहेर बघत होती.
पोर्ट ऑगस्टापासून ती बाहेरच बघत होती
आणि बाहेर काही नव्हतं.
म्हणजे, होतं: लाल. मग जरा कमी लाल.
एक कुंपण बराच वेळ आमच्याबरोबर आलं
आणि कंटाळून थांबलं.

कांगारू रस्त्याकडेला कुशीवर झोपलाय
असं लॅकीला वाटलं. तो पाच वर्षांचा आहे.
बाबानं गाडी थांबवली. "मादी आहे," म्हणाला.
बाही वर सारली, आणि पलंगाखाली गेलेला मोजा शोधतात
तसा हात तिच्या पिशवीत घातला.
माशा त्याच्या डोळ्यांवर बसल्या. त्यानं हाकलल्या नाहीत.
मी आकडे मोजत होते. सतरापर्यंत आले.

"मेरिडी," तो म्हणाला, "उशीचा अभ्रा दे."
तीन दिवसांत पहिल्यांदा त्यानं आईला नावानं हाक मारली.

ते बाहेर आलं तेव्हा सगळे पायच पाय,
आमच्या घडीच्या खुर्चीसारखं,
कुठून उघडायचं ते कळेना.
अंगावर पीचच्या सालीइतकी लव.

मग बाबानं रंगाचा डबा काढून
मेलेल्या आईच्या पाठीवर गुलाबी फुली मारली.
मागून येणाऱ्यांना कळावं, म्हणाला,
इथं कुणीतरी हात घालून पाहिलंय.
आमच्या शाळेत फुली म्हणजे चूक.
माझ्या भागाकारांवर मिस ॲबट रोज मारते.
पण ती लाल असते.

रात्री कोरड्या ओढ्याच्या काठी थांबलो.
सॉसेजेस बाहेरून जळली, आतून गार.
पाण्याला बर्फाची साय धरेल अशी थंडी,
आणि आभाळात इतके तारे की लॅकी म्हणाला, "सांडलेत."
अभ्रा माझ्या स्वेटरच्या आत, पोटाशी.
"दूध नाही द्यायचं," आई म्हणाली, "नुसती ऊब दे."
ते लाथ मारायचं, मग थांबायचं.
थांबलं की मीही श्वास थांबवायचे.

शेकोटीपाशी ते दोघं बोलत होते,
मुलं झोपली असं समजून मोठी माणसं बोलतात तसं.
मला तीन शब्द ऐकू आले.
ॲडलेड. भाडं. आणि "परत गेल्यावर".
चौथा लाकडाच्या तडतडण्यात गेला.
तोच महत्त्वाचा असणार.

कूबर पेडीला नोलीन नावाची बाई
जमिनीखाली कोरलेल्या घरात राहते.
तिच्या प्रत्येक दाराच्या मुठीला एकेक पिशवी,
प्रत्येक पिशवीत काहीतरी हलणारं.
तिनं माझ्या स्वेटरमध्ये हात घातला,
तिचे हात ऊन होते, बरं झालं.
"पहिला आठवडा नाव नाही द्यायचं," ती म्हणाली.
मी आधीच दिलं होतं. सांगितलं नाही.

दक्षिणेकडे निघालो तेव्हा रस्ता डांबरी होता,
गाडी गप्प,
माझं पोट रिकामं आणि गार.
पुढच्या सीटच्या बाजूनं मी हळूच
आईच्या जॅकेटच्या खिशात हात घातला.
चुरगळलेला टिश्यू.
टॉफीचा चिकट कागद.
एक किल्ली. आमच्या घराच्या किल्लीला दोन भोकं आहेत,
हिला एकच.

"काय शोधतेस गं?" आईनं विचारलं.
"काही नाही," मी म्हणाले. "तपासतेय."

तिनं मान वळवली नाही.
पण तिचा हात खिशात आला
आणि माझ्या हातावर राहिला,
ग्लेंडाम्बोच्या पेट्रोल पंपापर्यंत,
तिथं लॅकीला शू लागली.