हेल्वीचा खांदा

पाकीट मिळालं तांपेरेच्या जुन्या बाजारात,
गंजक्या केकसाच्यांच्या पेटीत, दीड युरोला.
वर रंगवलेली बाई: मुंगीची कंबर,
छत्रीएवढा घेर, पांढरे हातमोजे,
कुणाकडेच न बघणारी नजर.
कोपऱ्यात पेन्सिलीने: हेल्वी, १९५६.

मी टपाल वाटते. पंचवीस वर्षं झाली.
माझी कंबर मुंगीची नाही,
बेताची म्हणावी तर तीही नाही.
पण तळ्याकाठच्या लाकडी मंडपात
उन्हाळाभर शनिवारी टँगो असतो,
आणि मला एकदा तरी
मी थांबल्यावरही जरासा फिरत राहील
असा झगा हवा होता.

मांजरपाटावर आधी करून बघ,
कैसू म्हणाली होती.
मला घाई.
चेरींच्या छापाचं सुती, मीटरला अठरा युरो,
सरळ त्यावरच कात्री चालवली.
पुढच्या चेरी देठाला लोंबत राहिल्या,
पाठीवरच्या आभाळाकडे उगवल्या.

तरी आरशात बरा दिसला.
आरशासमोर माणूस हात खाली सोडून उभं राहतं.

मंडपात रेइनोने हात पुढे केला,
मी माझा त्याच्या खांद्यावर ठेवायला उचलला
आणि मुंढा बोलला.
चर्र.
अख्खा टँगो मी कोपर बरगडीला चिकटवून नाचले
पंख दुखावलेल्या बदकासारखी.
रेइनो सभ्य माणूस,
हवामानावर बोलत राहिला.

शिवायला तीन रविवार, उसवायला एक रात्र.
जूनमधली रात्र, इथे ती नीट अंधारतही नाही.
दिवा न लावता दिसतात आपल्याच टिपा:
इथे हात घाईत होता,
इथे रेडिओ ऐकत होता,
इथे धागा संपला आणि मी
चुकून निळा ओवला, चालेल म्हणून.

मग मांजरपाट. मुंढा खोल केला,
हात आणखीच अडकला.
हे कुणी सांगितलं तर पटत नाही:
मोकळं व्हावं म्हणून काखेत जितकं खाली कापावं
तितका हाताबरोबर अख्खा झगा वर येतो.
दुसरा मांजरपाट. मुंढा वर घेतला. हात सुटला.
पण गळ्यापासून उजव्या काखेकडे
एक तिरकी सुरकुती, हटेचना.

तोंडात टाचण्या धरून कैसू म्हणाली,
सुरकुती बोट दाखवत असते गं,
आपण कपड्याला बोल लावत बसतो.

कागद खिडकीच्या काचेवर धरला.
छापील रेघेच्या खाली, इतकी फिकट
की आजवर मी तिलाच छापील समजत होते,
पेन्सिलीची रेघ.
हेल्वीचा उजवा खांदा
पाऊण सेंटिमीटर उतरलेला.

कशाने? पाण्याची बादली? कडेवरचं पोर?
गिरणीत रिळांची पेटी?
कागदाला विचारून पाहिलं. त्याला फक्त मापं ठाऊक.

माझा डावा उतरतो. टपालाची पिशवी.

म्हणजे इतके आठवडे मी
एका अनोळखी बाईच्या खांद्यात
माझा खांदा कोंबत होते
आणि हाताला शिव्या देत होते.

तिची रेघ खोडली नाही.
डावीकडे माझी ओढली, बॉलपेनने,
थोडी थरथरली.

हिरवा झगा ऑगस्टमध्ये झाला.
मागची किनार बोटभर लांब आहे, मला माहीत आहे,
कैसूलाही, पण ती चहा ढवळत बसली.
काजं मात्र बघाल तर सुरेख.

शेवटच्या शनिवारी हात उचलला.
मुंढा गप्प.
गिरकी घेतली, मी थांबले,
घेर अर्धा श्वास उशिरा थांबला.
उद्या पाऊस आहे म्हणतात, रेइनो म्हणाला.
असू दे, म्हटलं, आणि कोपर
आणखी थोडं वर केलं.