दोन इंच

चोपड्याच्या जिनिंगमागं, गफूर पिंजारीच्या शेडात
चार दिवस व्हॅन जॅकवर होती.
कमानीत एक पाटा वाढवला,
पोटाखाली जिनिंगच्या भंगारातला पत्रा ठोकला,
केळीच्या ठिबकचा जाड पाइप
बॉनेटमधून छपरापर्यंत नेला, श्वासासाठी.
"आते हाई नदी बी पी टाकी,"
गफूर हात पुसत म्हणाला.

गाडी दोन इंच उंच झाली.
कानूचा पाय होता तेवढाच.
ती दाराशी, गुडघा हनुवटीपर्यंत नेऊन बघत होती.
बायको बोलली काहीच नाही,
नुसतं गफूरकडं पाहिलं.
त्यानं गुपचूप एक पायरी वेल्ड केली.
कमावलेले दोन इंच तिथंच गेले.

अनेरच्या पात्रात पहिल्याच धोंड्याला
खट्ट.
लो गिअरमध्ये कण्हत, पाणी कापत
पलीकडं निघालो.
पत्रा शाबूत, पाइप शाबूत,
पायरी राहिली मागं, माशांना.

तेव्हापासून कानूला मीच उचलून बसवतो.
मी वाकायच्या आधीच
तिचे हात वर झालेले असतात.
गफूर म्हणतो, नवी लावून देतो, फुकट.
बघू, म्हणतो मी.
तशी जड होत चाललीय पोरगी.